मशीनच सगळं करतं, मग मुलगी काय करणार?

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, भौतिकशास्त्रात ६८ टक्के. तिला धातूच्या पृष्ठभागावरच्या एकेका रेणूची कंपनं अभ्यासायची आहेत आणि तुमच्या मते तिनं कॉम्प्युटरकडे वळावं.

टक्क्यांची मला काळजी वाटली नाही. खटकलं ते वेगळंच. एवढ्या मोठ्या पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही. ‘नातेवाइकांना काय सांगू?’ हे मात्र पुन्हा पुन्हा आहे. ‘तिला समजवा’ म्हणता, ते मी करणार नाही. या विषयात तिला काय आवडलं, हे तुम्ही कधी विचारलंत का? विचारा, आणि तिचं बोलून होईपर्यंत मध्ये तोंड घालू नका. ऐकून घेतलं जात नाही हे कळलं की मुलं घरात बोलेनाशी होतात. पुढे अडचणीत आली तरी सांगत नाहीत.

‘मशीनच सगळं दाखवतं, ही नुसती बटणं दाबणार’ हा तर निव्वळ गैरसमज. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपमध्ये कंपन डोळ्यांना दिसत नाही. धातूचं अणकुचीदार टोक रेणूच्या वर, त्याला न टेकवता, स्थिर धरायचं; मधल्या फटीतून अगदी थोडा विद्युतप्रवाह वाहतो. मग व्होल्टेज हळूहळू वाढवायचं. इलेक्ट्रॉनची ऊर्जा कंपनाला पुरेशी झाली की काही इलेक्ट्रॉन ती रेणूला देऊन पलीकडे जातात आणि वाहकता, म्हणजे प्रवाह वाहण्याची सुलभता, किंचित वाढते, जेमतेम काही टक्के. स्टाइप, रेझाई आणि विल्सन हो या शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये तांब्यावरच्या अ‍ॅसिटिलीनच्या एकाच रेणूत ही वाढ ३५८ मिलिव्होल्टला पकडली. हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, असलेला रेणू घेतला, तर ती २६६ वर आली. अणू जड झाला, कंपन मंदावलं. कार्बन-हायड्रोजन बंधच थरथरतोय याची खात्री पटली. हे सगळं ८ केल्विन, म्हणजे सुमारे उणे २६५ अंश सेल्सिअस तापमानाला. टोक एका अँगस्ट्रॉमनं, म्हणजे मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागानं, वरखाली झालं तरी प्रवाह साधारण दहापट बदलतो. हे सगळं निर्वातात, म्हणजे हवा काढून टाकलेल्या पेटीत, चालतं; तिच्यात बारीक गळती राहिली की दिवस फुकट. ती गळती शोधणं, टोक पुन्हा घडवणं, खरा संकेत गोंगाटातून वेगळा काढणं, हे माणसालाच करावं लागतं.

रस्ता नेहमीचाच: एम.एस्सी., प्रवेश परीक्षा, पीएच.डी. वर्षं बरीच जातात आणि प्राध्यापकांच्या जागा थोड्या असतात, हे तिलाही स्पष्ट सांगा. पण निर्वात तंत्र, अतिशीत उपकरणं, सूक्ष्म प्रवाहांचं मोजमाप येणारी माणसं सेमीकंडक्टर उद्योगालाही लागतात.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. प्रॅक्टिकलमध्ये आकडे जुळत नाहीत तेव्हा ती काय करते, ते मला तिच्याकडून ऐकायचंय. त्यावरून मी सल्ला देईन, ६८ टक्क्यांवरून नाही.