आजोबांच्या पेटीतले जुने दिवाळी अंक आणि सहीची पुस्तकं जपण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही म्हणता, आजोबांच्या पेटीत जुने दिवाळी अंक आणि लेखकांच्या सह्यांची काही पुस्तकं निघाली. मजकूर आता मोबाइलवरही मिळतो, मग हे कागद ठेवायचे कशाला? मी वीसेक वर्षं हेच जमवतोय, म्हणून कळकळीने सांगतो, रद्दीत घालू नका.

मजकूर मिळेल हो, मुखपृष्ठ मिळेलच असं नाही. ग्रंथालयात पुस्तक खिळखिळं झालं की बाइंडरकडे जातं आणि पुठ्ठा-कापडाच्या बांधणीत परत येतं. मूळ मुखपृष्ठ बरेचदा तिथेच कचऱ्यात. मी ज्या ग्रंथालयात लहानाचा मोठा झालो तिथलं कथा-कादंबऱ्यांचं अख्खं कपाट मी असं तपकिरी झालेलं पाहिलंय. मडगावचे चित्रकार दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी शेकडो मुखपृष्ठं काढली, १९४५ पासून स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला. ते काम आज टिकलंय ते बरंचसं तुमच्या आजोबांसारख्यांच्या पेट्यांमुळे.

चित्र बघायलाही मी या अंकांवरच शिकलो. एकदा मुखपृष्ठावर भिंग धरा. गालाचा गुलाबी रंग म्हणजे नुसते ठिपके, लाल, पिवळे, निळे. माझ्याकडच्या एका अंकात लाल रंगाचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, केसभर सरकलाय आणि बाईच्या ओठांचा रंग रेषेबाहेर आलाय. छापणाऱ्याचा हात तिथे दिसतो. मला तो अंक निर्दोष प्रतीहून जास्त आवडतो.

जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांचं वेडही याच वाटेने लागलं. १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण झालं तेव्हा गायिका गौहर जान गाणं संपताच इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथल्या माणसांना गाणारी कोण ते कळावं म्हणून, असं सांगतात. त्या खरखरीतून तिचं नाव आलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो.

सह्यांचं म्हणाल तर नुसत्या सहीपेक्षा अर्पणाच्या दोन ओळी मला मोलाच्या वाटतात. लेखकाने कुणाच्या लग्नात आहेर म्हणून दिलेली प्रत, त्यावर तारीख, गाव. ते पान फाडून वेगळं फ्रेम करू नका, पुस्तकातच राहू द्या.

सांभाळायला फार खर्च नाही. लोखंडी पेटीतून काढा, कपाटात आडवे ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, ओल धरते. सेलोटेप तर अजिबात नको, त्याचा पिवळा डाग जन्मात जात नाही. गंजलेल्या पिना हळूच काढून दोऱ्याने टाका घाला. पाऊस सरला की सावलीत वारा द्या आणि कसर लागली नाही ना, ते बघा.

आणि पुसापुशी करण्याआधी प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानाचे कोपरे बघा. रद्दीतून आणलेल्या माझ्या एका अंकावर पेन्सिलीने लिहिलंय, ‘वाचून झाल्यावर तिसऱ्या मजल्यावर द्यावा’. खाली चार खोल्यांचे नंबर, त्यातल्या तिनांपुढे बरोबरची खूण. चौथ्या खोलीपुढे काहीच नाही. बहुधा अंक तिथेच राहिला आणि म्हणून माझ्यापर्यंत आला.