दिवाळीत कुन्नूरला जाऊ का?

प्रश्न : काकू, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं, म्हणजे मी, हे, नववीतली मुलगी आणि सत्तरीच्या सासूबाई, विमानाने कोईमतूरला उतरून उटीला जाणार आहोत. उटीत तीन रात्री आणि घाट चढताना वाटेत अर्धा दिवस कुन्नूरचे चहाचे मळे, असा बेत आहे. टॉय ट्रेन हवीच. सासूबाईंचे गुडघे दुखतात. बेत बरा आहे ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बरा नाही. महिना बदला आणि मुक्काम बदला, बाकी सगळं ठीक.

आधी महिना. यांच्या लष्करातल्या स्टाफ कोर्ससाठी आम्ही जून ते एप्रिल वेलिंग्टनला राहिलो. वेलिंग्टन म्हणजे कुन्नूरला चिकटलेली छावणी. जुलैत मी माहेरी राधानगरीला फोन करून ऐट मारली होती, तुमच्याकडे घरात कपडे वाळत नसतील, इथे बघा कसं ऊन आहे! दिवाळीत ती ऐट उतरली. मुलाने कागदी आकाशकंदील केला होता, दुसऱ्या दिवशी त्याचा लगदा झाला. आपल्या डोक्यात पक्कं असतं की दसरा झाला, पाऊस संपला. पण कुन्नूर डोंगराच्या पूर्व उतारावर आहे. आपला नैऋत्येचा पाऊस तिकडे पोचेपर्यंत बराचसा वरच्या पठारावर ओतून झालेला असतो. त्यांचा खरा पाऊस ईशान्येकडून येतो, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. आमची भाजीवाली म्हणायची, ‘ऐप्पसी, अडैमळै’. ऐप्पसी हा त्यांचा महिना, साधारण आपल्या दिवाळीच्या आगेमागे येणारा, आणि अडैमळै म्हणजे झड. अगदी आपल्या श्रावणासारखी, पण त्यात ऊन नाही. 2009 च्या नोव्हेंबरात नीलगिरीत दरडी कोसळून चाळीसहून जास्त माणसं गेली आणि रेल्वेचा मार्गही उखडला होता. दर वर्षी इतकं होत नाही, पण या दिवसांत रुळांवर माती आली म्हणून गाडी रद्द होणं नित्याचं आहे. म्हणजे ज्या गाडीसाठी जायचं, तीच नेमकी बंद.

तेव्हा जानेवारीत जा. पोंगलच्या चार दिवसांत तिकडे मुंगीला शिरायला जागा नसते, ते आणि सव्वीस जानेवारीची जोडसुट्टी टाळा. शाळा बुडेल, बुडू दे. नववीच आहे, दहावी नाही.

आता गाडी. उटीला जाऊन तिथून कुन्नूरपर्यंत फेरी मारणारे पुष्कळ भेटतात आणि ‘टॉय ट्रेन केली’ म्हणून सांगतात. त्या टप्प्याला डिझेल इंजिन लागतं. गंमत आहे ती खाली मेट्टुपाळयमहून कुन्नूरला चढण्यात. कल्लार सोडलं की दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी सुरू होते. इंजिनाच्या पोटातली दातेरी चाकं ती पकडत पकडत गाडी वर नेतात. इंजिन पुढे नसतंच, ते मागून ढकलतं. वाफेचं. चढ इतका की बारा-साडेबारा फूट पुढे गेलं की फूटभर वर. वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे सासूबाईंना घाट लागायची भीती नाही. हिलग्रोव्हला इंजिन पाणी पितं, तेवढ्यात सगळे उतरतात आणि माकडं चढतात. आमच्या डब्यातून चकलीची अख्खी पिशवी गेली. गाडी सकाळी सातच्या सुमारास सुटते, तेव्हा आदली रात्र मेट्टुपाळयमलाच काढा. वर जाणारी अशी गाडी दिवसाला एकच असते, म्हणून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं त्याच सकाळी बसा.

आणि कुन्नूरला उतरा, उटीला पुढे जाऊ नका. तिन्ही रात्री इथेच. उटीची हौस असेल तर तासाभराचा रस्ता आहे, एक दिवस जाऊन या. फील्ड मार्शल माणेकशा निवृत्तीनंतर राहायला कुन्नूरलाच आले, उटीला नाही. यातच काय ते समजा.

डॉल्फिन्स नोज या कड्यावर सकाळी जा. रस्ता मळ्यांतूनच जातो आणि समोर कॅथरीनचा धबधबा दिसतो. दुपारनंतर धुकं दरी भरून टाकतं, मग दिसतात फक्त मक्याची कणसं विकणारे. तिथे फार चालावं लागत नाही. सिम्स पार्क 1874 सालची आहे, झाडं बघण्यासारखी आहेत, पण सगळी उतारावर. सासूबाईंना वरच्या फाटकाजवळच्या बाकावर बसवा आणि हातात वर्की द्या. वर्की म्हणजे आपल्या खारीची जाडजूड बहीण, तिकडे बेकऱ्यांत मिळते.

मळ्यात फोटोसाठी परस्पर शिरू नका. एक तर तिथे काम चालू असतं. ‘दोन पानं, एक कोंब’ अशी अलगद खुडणी करणाऱ्या बाया फोटोंत असतात. नीलगिरीत आता पुष्कळ ठिकाणी हातात कात्री असते आणि कात्रीलाच पिशवी लावलेली. विचारून फोटो काढा. दुसरं कारण गवे. दाजीपूरच्या रानात गवा दिसावा म्हणून माझे वडील पहाटे पहाटे दबा धरून बसत. इथे आमच्या क्वार्टरमागच्या बोळात एक उभा असायचा आणि त्याच्यामुळे मुलाची शाळेची गाडी दोनदा चुकली. शाळेत कारण खरं वाटलं, कारण बाईंचीही तीच अडचण झाली होती.

प्रश्न : कुन्नूरहून महागाचा ‘ऑर्थोडॉक्स’ चहा आणला. आलं-दूध घालून उकळला तर अगदी फिका. फसवलं का आम्हाला?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही हो. मीही हेच केलं होतं. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि विचारलं, ‘हे दूध कुणासाठी गरम केलंयस?’

आपल्या घरचा डस्ट किंवा ममरी हा सीटीसी चहा. पान दातेरी रोलरांतून चिरडून, फाडून, वळून त्याच्या गोळ्या करतात. म्हणून तो दुधालाही पुरून उरतो. ऑर्थोडॉक्समध्ये पान नुसतं पिळवटतात, ते बरंचसं अख्खं राहतं आणि जे काही मिळतं ते वासात. पाणी उकळून गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, कपाला चमचाभर पान घाला, झाकण, तीन मिनिटं, गाळा. दूध नको, आलं तर मुळीच नको. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात पान सावकाश वाढतं. त्या दिवसांतला चहा तिकडे ‘फ्रॉस्ट टी’ म्हणून विकतात. पुढच्या वेळी तोच घ्या. चॉकलेट चहाच्या बरण्यांकडे बघूसुद्धा नका.

कारखाना बघायचा तर सकाळी लवकर. पान रात्रभर सुकत ठेवतात आणि पहाटेपासून यंत्रं चालतात. जेवून गेलात तर केर काढताना बघाल. तो ओला, हिरवा, सफरचंद चिरल्यासारखा वास दुकानात मिळत नाही.

प्रश्न : सांगलीहून स्वतःच्या गाडीने कुन्नूरला जाणार आहोत, म्हैसूरमार्गे. काय सांभाळावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बंदिपूरचा जंगलातला रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो, म्हणून म्हैसूरला मुक्काम करा. 2024 च्या मे महिन्यापासून नीलगिरीत शिरायला गाडीचा ई-पास लागतो, तो घरूनच काढा, नियम बदलले असतील तर तेव्हाच कळेल. आणि पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या नाक्यावर काढून घेतात. स्टीलच्या न्या, माणशी एक.