अल्बमची जाहिरात लांबून वाढदिवसाची वाटली की संपलं

तुम्ही विचारलंय की गड्डा यात्रेच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या जत्रेच्या आधी त्यांच्यावरच्या पाच भक्तिगीतांचा अल्बम येतोय, पेपरात क्वार्टर पेज जाहिरात द्यायचीय, तर डिझाइननं खरंच फरक पडतो की नुसतं नाव-तारीख टाकलं तरी चालतंय. पडतो, लई पडतो. मी सोलापुरातच डीटीपी आणि जाहिरातीचं काम करतो, त्यामुळं आधी माझीच फजिती सांगतो.

सुरुवातीला एका भजनी मंडळाच्या अल्बमची जाहिरात केली होती. गायक, तबलजी, निर्माते, प्रेरणास्थान असे अकरा गोल फोटो, मागं मरून कलर, त्यावर पांढऱ्या बारीक अक्षरात गाण्यांची नावं. स्क्रीनवर झकास दिसत होतं हो. सकाळी पेपर उघडला तर मरूनचा चिखल झालेला, गाण्यांची नावं शाईनं गिळलेली, आणि दुपारी ओळखीतल्या एकानं फोन करून विचारलं, "आज कुणाचा वाढदिवस आहे?" चूक माझीच होती, छापखान्याची नाही.

कारण असं की पेपर चाळणारा माणूस आधी आकार बघतो, अक्षरं नंतर. गोल फोटोंची रांग दिसली की आपल्याकडं नेत्याचा वाढदिवस, काळी चौकट म्हणजे श्रद्धांजली, पिवळ्यावर लाल चांदणी म्हणजे साड्यांचा सेल, हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की न वाचताच पान उलटतं. तुमची जाहिरात याच गर्दीत पडणार, म्हणून तिचा आकार यातल्या कशासारखाच नको, आणि बघताक्षणी गाणं कुठल्या प्रकारचं आहे ते कळलं पाहिजे.

ही गोष्ट जुन्या रेकॉर्ड कंपन्यांना बरोबर कळली होती. ग्रामोफोनसमोर कान देऊन बसलेलं कुत्रं, एचएमव्हीचं, ते फ्रान्सिस बॅरॉडचं चित्र कंपनीनं १८९९ मध्ये विकत घेतलं, आणि ज्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही तो पण ते कुत्रं बघून रेकॉर्ड ओळखायचा. अमेरिकेत तर १९४० च्या आधी अल्बमची कव्हरं बहुतेक साधी असायची, वहीच्या पुठ्ठ्यासारखी. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या डिझायनरनं पहिल्या कव्हरसाठी एका थिएटरच्या दिव्यांच्या पाटीवरची अक्षरं बदलून घेतली, रात्री तिचा फोटो काढला आणि तो छापला. बघणाऱ्याला वाटावं आपण शोच्या दारात उभे आहोत.

तुमच्याकडं तर असं चित्र तयारच आहे की! नंदीध्वज, यात्रेच्या मिरवणुकीत उभी धरून नेतात ती उंच काठी. क्वार्टर पेज साधारण १६ बाय २५ सेंटीमीटर धरा, म्हणजे उभं, आणि काठी पण उभी. यात्रेतल्या सातही काठ्या दाखवायचा मोह होईल, दाखवू नका, एकच काठी, खालच्या कडेपासून वरपर्यंत, वरचं टोक थोडं कापलं तरी चालेल, उलट त्यानं उंची वाढते. खाली पांढऱ्या बाराबंदीतले (काठी धरणाऱ्यांचा अंगरखा) खांदे आणि हात, चेहरे नकोत. बाकी मोकळं. या मोकळ्या जागेवरून भांडण होणार हे गृहीत धरा, "चौरस सेंटीमीटरनं पैसे भरलेत, रिकामं का सोडलं" असं प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं. पण पूर्ण भरलेल्या पानावर डोळा थांबतो तो त्या रिकाम्या जागेपाशीच. आणि अल्बमच्या कव्हरवर पण हेच चित्र ठेवा, म्हणजे पेपरात बघितलेलं मोबाइलवर दिसल्यावर ओळखू येतं.

अक्षरांचं सांगतो. अल्बमचं नाव सगळ्यात मोठं, मग गायकाचं नाव, मग तारीख, बास. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात, त्यामुळं ओळी इंग्रजीसारख्या चिकटवून ठेवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. फार जाड फॉन्टमध्ये तर 'ध' आणि 'घ' पण ओळखू येत नाही.

आता न्यूजप्रिंट. हा कागद शाई पितो, शाईचा ठिपका पसरतो, म्हणून फोटो स्क्रीनवर दिसतो त्यापेक्षा थोडा उजळच ठेवायचा. रंग चार प्लेटांवरून येतात, त्यातली एक केसभर हलली की गडद रंगातलं बारीक पांढरं अक्षर बुजतं, माझं मरूनमध्ये हेच झालं होतं. मजकूर नुसत्या काळ्या शाईत, हलक्या रंगावर. हळदीसारखा पिवळा पेपरात चांगला उतरतो, स्क्रीनवरचा चमकदार निळा मात्र मळकट होतो, त्याच्या नादी लागू नका. क्यूआर कोड अडीच सेंटीमीटर तरी, पांढऱ्यावर काळा आणि भोवती मोकळी किनार. काहीजण त्याला भगवा करून मध्ये ओम टाकतात, मग बऱ्याचदा स्कॅन होत नाही आणि लोकांना वाटतं अल्बमच आला नाही.

फाइल पाठवायच्या आधी त्याच मापात प्रिंट काढा, कालच्या पेपरात गोंदानं चिकटवा आणि चहाच्या टपरीवर कुणालातरी नुसता चाळायला द्या, काही सांगू नका. तो थांबला तर ठीक. नाहीतर त्या पानावरच्या बाकीच्या जाहिराती बघा आणि तुमची कुणासारखी दिसतेय ते शोधा.

आणि मंडळातले सगळे फोटोसाठी रुसणारच. त्यांचे फोटो यूट्यूबच्या व्हिडिओत शेवटी टाका, तिथं जागेचे पैसे लागत नाहीत.