पुस्तक मंडळाला अंगतपंगत जोडली तर वाचन मागे पडतं का?

तुम्ही विचारलंय की मडगावात सात-आठ जणांचं पुस्तक मंडळ सुरू करायचंय, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं आणि रात्रीच्या जेवणाला प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. पण जेवणाच्या गडबडीत पुस्तक बाजूलाच राहील अशी धास्ती वाटते. मी फोंड्याजवळच्या अशाच एका मंडळात बरीच वर्षं आहे. माझं म्हणणं, जेवण मुळीच काढू नका. आमचं मंडळ टिकलं ते जेवणामुळेच. मात्र जेवण कधी आणि किती, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

चर्चा आधी, जेवण नंतर. आम्ही शनिवारी संध्याकाळी साडेपाचला जमतो, आल्याआल्या फक्त चहा, आणि आठच्या सुमारास पानं मांडतो. गरम भात पोटात गेल्यावर वाद घालायचा हुरूप कुणालाच राहत नाही. परतीची सोयही याच वेळी बघायची. रात्री गावांकडच्या बसगाड्या लवकर बंद होतात आणि ज्यांच्याकडे स्वतःचं वाहन नाही अशी माणसं, त्यातही वयस्क बायका, मंडळातून सगळ्यांत आधी गळतात. कोण कुणाला वाटेत सोडणार, हे पुस्तकाच्या नावाइतक्याच काळजीने ठरवा.

आता जेवण. ज्याच्या घरी बैठक, त्याने फक्त शीत, म्हणजे भात, शिजवायचं आणि पाणी, पानं बघायची. बाकी सगळं बाहेरून येणार. आणलेला पदार्थ त्या दिवशी घरात होणारच होता तोच, थोडा जास्त केलेला. हा नियम आम्ही मुद्दाम केला, कारण सुरुवातीला चढाओढ लागली होती. एकीने शागोती (मसालेदार मटण-कोंबडीचा रस्सा) आणली की दुसरी पुढच्या खेपेला दोन गोडं घेऊन यायची, आणि आदला अख्खा दिवस स्वयंपाकघरात गेल्यामुळे पुस्तक अर्धवट राहायचं. अर्धवट राहायचं ते बायकांचंच. पुरुष वाचून यायचे आणि छान बोलायचे. हे मला फार खटकलं. आता पुरुषांनीही स्वतः काहीतरी करून आणायचं असं ठरलंय. ज्यांना अजून जमत नाही ते संध्याकाळच्या पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, उंडे आणि पोई हे पाव घेऊन येतात, तेही चालतं.

पदार्थ प्रवासात टिकणारा हवा. ओल्या नारळाचं वाटण एप्रिल-मेच्या उकाड्यात पटकन आंबतं, म्हणून हुमण (माशांची आमटी) किंवा तोणाक (कडधान्याची उसळ) निघायच्या आधी नीट उकळून आणावं. सोलकढी करायची तर कोकमाचं आगळ (खारवलेला रस) आणि नारळाचा रस वेगवेगळ्या बाटल्यांतून आणून पानं मांडताना एकत्र करावा. सगळ्यांत भरवशाचं ते खतखतं, अनेक भाज्यांचं कालवण. कांदा-लसूण नसल्याने कुणालाही चालतं आणि भाज्यांत तिरफळ, गूळ, आमसूल मुरायला वेळ मिळाला की चव उलट वाढते. सोमवारी किंवा संकष्टीला बैठक ठेवू नका, कारण बऱ्याच घरांत तेव्हा शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण, असतं. नुस्त्याची, म्हणजे माशांची, भांडी वेगळ्या टेबलावर आणि त्यांचे डावही वेगळे ठेवा. शाकाहारी माणसाला विचारत बसायची वेळ आली की तो पुढच्या खेपेला येत नाही. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, ते दोन महिने आम्ही बहुतेक शिवराकच ठेवतो आणि कुणाचीच तक्रार नसते.

जेवणामुळे मंडळ टिकलं असं मी का म्हणते, ते एका बैठकीवरून सांगते. जमिनीच्या वादावरची एक कादंबरी घेतली होती. आमच्यात एक जण भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, घरातला आहे आणि एकीचे आजी-आजोबा मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारे, होते. 1975 च्या मुंडकार कायद्याने मुंडकारांना घरातून हुसकावण्यावर बंदी आली आणि राहतं घर विकत घेण्याचा हक्क मिळाला, हे गोव्यात सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यावर दोन्ही बाजूंची माणसं एका खोलीत बसून सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी तो म्हणाला की लेखकाने भाटकाराला नुसता दुष्ट करून टाकलाय. ती म्हणाली, तिची आजी दारात पडलेला नारळसुद्धा उचलू शकत नव्हती, तो मालकाचा. आवाज चढले, मग दोघंही गप्प झाली. नुसती चर्चा असती तर त्याच क्षणी चपला घालून सगळे निघाले असते. पण तिने आणलेलं अळसांद्याचं तोणाक अजून उघडायचं होतं आणि त्याच्या घरचा भात चुलीवर होता. पानावर बसल्यावर त्याने तिच्या आजीबद्दल विचारलं, अगदी हळू, आणि तिने सांगितलं. नारळ काढणारा पाडेली आला की काय व्हायचं, वाड्यावर कुठली कामं फुकट करावी लागायची, सगळं. तोही त्याच्या वडिलांनी कोर्टकचेऱ्यांत घालवलेल्या वर्षांबद्दल बोलला. एकमत झालं नाही, व्हायची गरजही नव्हती. दोघंही अजून मंडळात आहेत. कादंबरीबद्दलचं त्या संध्याकाळचं सगळ्यांत खरं बोलणं पानावर झालं, म्हणून पंगतीत पुस्तकाचा विषय निघाला तर तो थांबवू नका.

चर्चेला फार नियम नकोत. आम्ही प्रत्येकाला आवडलेला किंवा न पटलेला एक उतारा मोठ्याने वाचायला सांगतो आणि सुरुवात सगळ्यांत लहान सभासदाकडून करतो. वयाने थोर माणूस आधी बोलला की बाकीचे मान डोलवत बसतात. पुस्तक पूर्ण न वाचलेल्यालाही यायला मोकळीक असावी. फक्त त्याच्यासाठी शेवट लपवला जाणार नाही. आम्ही घरी कोंकणी बोलतो आणि मराठी वाचतो, त्यामुळे चर्चा आपोआप कोंकणीत सरकते. सरकू दे. माणूस ज्या भाषेत आईशी भांडतो त्या भाषेत पुस्तकाबद्दल जास्त मोकळं बोलतो. आमची एक ख्रिस्ती शेजारीण आहे. तिला देवनागरी भराभर वाचता येत नाही, ती ऐकायला येते आणि माडाच्या सुरेत आंबवलेली सान्नां, इडलीसारखा प्रकार, आणते. तिच्यामुळेच मोठ्याने वाचायची सवय आम्हाला लागली आणि नेमकं काय लक्षात राहिलं हे तिच्या बोलण्यातून कळतं.

खरी अडचण प्रतींची. मराठी पुस्तकाच्या आठ प्रती गोव्यात एकाच वेळी सहज मिळत नाहीत, पुण्या-मुंबईहून मागवाव्या लागतात. म्हणून पुढच्या दोन बैठकांची पुस्तकं आधीच ठरवून ठेवा. पणजीला पाट्टोवरचं कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय 1832 पासूनचं, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. तिथे जुनी पुस्तकं बघाच. प्रती कमी असतील तर कथासंग्रह घ्या, एकेकाने एकेक कथा वाचावी. चारशे पानांची कादंबरी असेल तर दोन महिने द्या.

दिवसही सांभाळून निवडा. चतुर्थीच्या आधीचे दोन आठवडे कुणी येणार नाही. कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात, रात्रीची नाटकं असतात. सभासदांच्या गावांच्या तारखा आधी विचारून घ्या.

मी तुमच्या जागी असते तर पहिली बैठक दिवाळीनंतरच्या शनिवारी ठेवली असती. त्या बैठकीला सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायची गरज नाही. मराठीत 1909 पासून दिवाळी अंक निघतात, प्रत्येकाने वेगळा अंक विकत घ्यावा, त्यातली आवडलेली एक कथा किंवा लेख सांगावा आणि जाताना अंकांची अदलाबदल करावी. प्रतींचा प्रश्न येत नाही, कुणाला काय आवडतं ते कळतं आणि पुढच्या महिन्याचं पुस्तक त्यातूनच सुचतं. जेवणाला त्या दिवशी दिवाळीचा उरलेला फराळ आणि एक मोठं पातेलं खतखतं पुरे.