जिन्याचा खर्च: कात्री कुठे लावावी?

प्रश्न: ठेकेदार म्हणतो, तीन पायऱ्या कमी केल्या तर जिना स्वस्तात होईल. करू का?

नका करू. समजा, एका मजल्याची फरशी ते वरच्या मजल्याची फरशी ही उंची ३०६ सेंमी आहे. १८ चढ (पायरीची उभी उंची म्हणजे चढ) घेतले तर प्रत्येकी १७ सेंमी येतात; १५ घेतले तर २०.४. दुखऱ्या गुडघ्यांना हा फरक रोज जाणवतो. चढाची दुप्पट अधिक पाऊल ठेवायची रुंदी ही बेरीज ६० ते ६४ सेंमीच्या आसपास असावी, असा जुना हिशेब आहे. १७ चा चढ आणि २८ ची रुंदी धरली, तर ती ६२ येते. पैसे वाचवायचेच असतील तर जिन्याचा आकार साधा ठेवा. सरळ जिन्याचं किंवा मध्ये सपाट चौक घेऊन उलट वळणाऱ्या जिन्याचं शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, सोपं असतं. वळणदार काँक्रीटमध्ये सुताराची मजुरी वाढते.

प्रश्न: तयार लोखंडी गोल जिना स्वस्त पडतोय. घ्यावा का?

गच्चीवर किंवा माळ्यावर जायला चालेल. घरातला एकमेव जिना म्हणून नको. पायरी आतल्या बाजूला निमुळती होते आणि कपाट वर नेता येत नाही.

प्रश्न: ग्रॅनाइट आणि काचेचा कठडा, दोन्ही परवडत नाही. काय सोडू?

काच सोडा. साध्या लोखंडी गजांचा, नीट रंगवलेला कठडा तितकाच भक्कम होतो. फक्त दोन गजांमधली फट १० सेंमीपेक्षा कमी ठेवा, लहान मुलाचं डोकं त्यात अडकता कामा नये. ग्रॅनाइट पाऊल पडतं तिथेच बसवा, उभ्या बाजूला रंग पुरे. पॉलिश केलेला दगड ओला झाला की घसरतो, म्हणून कडेला खाचा मारून घ्या.

प्रश्न: काँक्रीट झालं आहे. आता काही वाचवता येईल?

फार नाही, पण तोडफोडीचा खर्च टाळता येईल. ही चूक मी वारंवार पाहिली आहे: काँक्रीटमध्ये सगळे चढ १७ चे, पुढे दोन्ही मजल्यांवर सिमेंटचा माल आणि फरशी मिळून ५ सेंमी थर बसतो, पायऱ्यांवर मात्र ३ च. मग पहिला चढ १५ होतो आणि शेवटचा १९! सवयीने उचललेलं पाऊल नेमकं तिथेच अडखळतं. फरशीवाला यायच्या आधी प्रत्येक चढ मोजा आणि मजल्यांवरचे आणि पायऱ्यांवरचे थर सारखे होतील असं गवंड्याकडून लिहून घ्या.