विश्वासाचं काम शाळेवर टाकू नकोस

बेटी,
ख्रिस्त येशूच्या नावात सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर तू माझ्या ओट्यावर बसलीस आणि पिशवीतून दोन कागद काढलेस. एक तालुक्याच्या इंग्रजी शाळेचं माहितीपत्रक, गुळगुळीत कागदाचं, वर क्रूस आणि खाली टाय घातलेली लेकरं. दुसरा गावच्या जिल्हा परिषद शाळेचा प्रवेश अर्ज, झेरॉक्सवर झेरॉक्स काढून अक्षरं पुसट झालेला. "गुरुजी, ख्रिस्ती आईबापांनी सरकारी शाळेत लेकरू घालावं का?" एवढं विचारलंस आणि तुझे डोळे भरून आले. मी तेव्हा काहीच बोललो नाही. चहा झाला, नवापूरची बस आली, तू गेलीस. चार दिवस झाले, तो प्रश्न मनातून हलत नाही.

तुला कोणी काय सांगितलं ते मला कळलंय. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्याने सांगितलं की अविश्वासणाऱ्यांच्या शाळेत लेकरू घालणं म्हणजे त्याला जगाच्या हवाली करणं. नणंदेने दसऱ्याच्या सरस्वतीपूजनाची भीती घातली. नवरा सुरतेहून फोनवर म्हणतो, कर्ज काढू पण इंग्रजीत घालू. आणि तू या सगळ्यांच्या मधे उभी. लेक सहा वर्षांची झाली तरी शाळेत दाखल व्हायचीच आहे.

माझं सांगणं सरळ आहे. गावच्या शाळेत घाल. पण शाळा कोणतीही असो, विश्वासाचं काम शाळेवर टाकू नकोस. वडीलधाऱ्यांचा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. ते विचारतात लेकरू कुठे शिकणार, आणि मला विचारावंसं वाटतं की तुमच्या घरात संध्याकाळी प्रार्थना कोण घेतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. ३४ वर्षं जिल्हा परिषदेत मास्तरकी केली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. दुसऱ्यांची शेकडो लेकरं सरकारी शाळेत शिकवली आणि स्वतःचा थोरला मात्र पाचवीला उचलून दूरच्या मिशनच्या वसतिगृहात ठेवला. का, तर तिथे ख्रिस्ती वातावरण आहे म्हणून. नंदुरबारच्या स्टेशनावर त्याची पत्र्याची पेटी डब्यात चढवताना त्याची आई रडत होती आणि मी तिला म्हणत होतो, "अगं, पोरगा प्रभूच्या घरात चाललाय." प्रभूचं घर ते. मग आमचं कोणाचं होतं? हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही.

पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत तो आला. संध्याकाळच्या प्रार्थनेत त्याने तेविसावं स्तोत्र इंग्रजीत म्हटलं, एक शब्द चुकला नाही. मी छाती फुगवून शेजाऱ्याकडे बघितलं. त्याची आजी मावचीतून, आपल्या घरच्या बोलीतून, काहीतरी विचारत होती आणि तो मराठीतून उत्तर देत होता. तेही मला कौतुकाचंच वाटलं. दोन वर्षांनी ती त्याच्याशी बोलायचीच थांबली, नुसती त्याच्या ताटात वाढायची. बारावी झाल्यावर एका रात्री तो मला म्हणाला, "बाबा, तिथे प्रार्थना म्हणजे घंटा होती. घंटा वाजली की उठायचं, घंटा वाजली की प्रार्थना, घंटा वाजली की जेवण. आता घंटा नाही." आज तो मोठ्या शहरात चांगल्या नोकरीत आहे. माणूस म्हणून सज्जन आहे. चर्चला नाताळात जातो, माझ्यासाठी. त्या वसतिगृहाला मी दोष देत नाही. त्यांनी जे कबूल केलं ते दिलं: जेवण, शिस्त, इंग्रजी. जे माझं काम होतं ते मी त्यांच्या पदरात टाकून मोकळा झालो होतो.

मिशनच्या शाळांविरुद्ध मी बोलतोय असं समजू नकोस. गेल्या शतकाच्या सुरुवातीला स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक पश्चिम खानदेशात आले तेव्हा आपल्या डोंगरकाठच्या माणसांना शाळेचं दार कोण उघडत होतं? माझे आजोबा मिशनच्या शाळेत अक्षर ओळखायला शिकले आणि मग रात्री कंदिलाजवळ घरच्यांना शास्त्र वाचून दाखवायचे. इथे नीट बघ. शाळेने त्यांना वाचायला शिकवलं, आणि शास्त्र घरात त्यांनी वाचलं. आपण आज याच्या उलट करतोय.

आता धाकटीचं ऐक. तिच्या वेळी घर बांधायला घेतलं होतं, फीला पैसे नव्हते, म्हणून ती माझ्याच शाळेत बसली. श्रद्धेने नाही, नाइलाजाने. दुसरीत असताना दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत सरस्वतीपूजन होतं. तुला आठवत असेल, पाटीवर एकाच्या आकड्यांची नक्षी काढतात, तीच सरस्वती. सगळी पोरं खडूची भुकटी उडवत काढत होती, पाट्यांवर झेंडूच्या पाकळ्या पडत होत्या. ती माझ्या टेबलापाशी आली आणि कोरी पाटी पुढे धरून म्हणाली, "बाबा, मी काय काढू?" मी म्हणालो, "सगळ्यांसारखं काढ." कारण बाजूला सरपंच उभे होते. ती गेली आणि तिने काढलं. त्या रात्री तिने आईला विचारलं, "आपण घरी ज्याला प्रार्थना करतो तो शाळेत नसतो का?"

बेटी, तो प्रश्न मला अजून झोपेतून उठवतो. शाळेने तिला बिघडवलं नव्हतं. तिच्या बापाने तिला एका मिनिटात शिकवलं की आपला देव घराच्या उंबऱ्याशी थांबतो.

तिच्या आईने मात्र मला न विचारता पवित्र शास्त्र काढलं आणि दानीएलाचा पहिला अध्याय वाचायला घेतला. महिनाभर रोज थोडा थोडा. दानीएल बाबेलच्या राजवाड्यात खास्दी लोकांची विद्या आणि भाषा शिकला. त्याचं नावसुद्धा त्यांनी बदललं, बेल्टशस्सर ठेवलं. त्याने विद्या नाकारली नाही. फक्त राजाच्या ताटातलं अन्न नको म्हणाला, आणि तेही आदबीने, खोजांच्या सरदाराला विनंती करून. कुठे हो म्हणायचं आणि कुठे नको हे त्याला कोणी शिकवलं असेल? बाबेलच्या शाळेने तर नक्कीच नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली होती, शाळेत दुसऱ्या बाई होत्या. पोरगी स्वतः त्यांना म्हणाली, "बाई, मी पाटीवर माझं नाव आणि फुलं काढते. आम्ही प्रभूला प्रार्थना करतो." बाई म्हणाल्या, "बरं, काढ." झालं. आभाळ कोसळलं नाही. त्याच नाताळात तिच्या वर्गातली अकरा पोरं आमच्या घरी करंज्या खायला आली, भिलांची, कोकणींची, गुजरांची, एक मुसलमानाची. वसतिगृहातल्या माझ्या थोरल्याच्या वर्गात असं काही व्हायचं कारणच नव्हतं. मीठ बरणीत झाकून ठेवलं तर भाजीला काय उपयोग, हे आपण दर रविवारी ऐकतो आणि सोमवारी बरणीचं झाकण आवळतो.

कायद्याचंही सांगतो, कारण तू घाबरली आहेस. संविधानाचं कलम २८ वाच. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेतही पालकाच्या संमतीशिवाय लेकराला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. १९८६ साली केरळातल्या तीन भावंडांचा खटला सुप्रीम कोर्टात गेला होता. ती राष्ट्रगीताला अदबीने उभी राहायची पण त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे म्हणायची नाहीत, म्हणून शाळेने काढून टाकली होती. कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. त्यांचा पंथ आपला नाही, आणि आपण तर राष्ट्रगीत मनापासून म्हणतो. पण लेकराच्या मनाला या देशात जागा आहे, एवढं त्यातून घे. परिपाठातली साने गुरुजींची प्रार्थना तुझ्या लेकीने खुशाल म्हणावी. अमळनेरच्या शाळेत शिकवलेला आपल्या खानदेशचा मास्तर तो, जगाला प्रेम द्या म्हणतो. त्यात काय अडतं?

इंग्रजी शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांत नंबर लागेल असं तू म्हणालीस. ती शाळा अल्पसंख्याक दर्जाची असेल तर लागणार नाही. २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने अशा शाळा त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे वरचा क्रूस बघून घातलंस तर फी पूर्ण भरावी लागेल. आणि मास्तर म्हणून सांगतो, घरात मावची बोलणारं लेकरू पहिलीत मराठीत येतं तेव्हाच एक मोठी उडी मारतं. त्याच दिवशी त्याला इंग्रजीत ढकललं तर ते दोन-दोन वर्षं नुसतं फळ्यावरचं उतरवून काढतं, कळत काही नाही. अशी लेकरं चौथीत आमच्याकडे परत यायची. वही सुंदर, अक्षर मोत्यासारखं, आणि वाचलेल्या ओळीचा अर्थ विचारला की खाली मान.

गावच्या शाळेतले मास्तर मात्र आधी बघून घे. वेळेवर येतात का, पोरांवर हात उचलतात का, वाचायला शिकवतात का. तिथे खोट असेल तर दुसऱ्या गावची शाळा बघ. धर्मासाठी नाही, शिक्षणासाठी.

मंडळीतले काही जण माझ्याबद्दलही बोलतात, ते तुझ्या कानावर आलं असेलच. मुख्याध्यापक असताना शाळेत पूजा व्हायची आणि मी तिथेच असायचो, म्हणून. हो, असायचो. सावित्रीबाईंच्या, बाबासाहेबांच्या तसबिरीला हार मी स्वतः घातले, मानाने घातले. सरस्वतीपुढे नारळ दुसरे गुरुजी फोडायचे, मी मागे पोरांच्या रांगेत उभा राहायचो, हात न जोडता. प्रसाद कोणी दिला तर, "मला नको, तुम्ही घ्या" एवढंच म्हणायचो. कोणी याला पळवाट म्हणतात. मी नोकरी सोडून निघून गेलो असतो तर त्या गावातल्या लेकरांना वाचायला कोणी शिकवलं असतं? त्या तक्रार करणाऱ्यांची स्वतःची पोरंही माझ्याच वर्गात बसली होती. पाटीपाशी धाकटीला जे बोललो ती माझी चूक, ती मी कबूल करतो. पण त्या शाळेत उभा राहिलो याची मला लाज वाटत नाही, कधीच वाटली नाही.

लाज वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. दाखलखारीज रजिस्टर, म्हणजे शाळेतल्या प्रवेशांची नोंदवही, माझ्या हातात असायचं. आपलेच बाप टेबलावर वाकून हळूच म्हणायचे, "गुरुजी, धर्माच्या रकान्यात हिंदू लिहा, नाहीतर पोराचा जमातीचा दाखला अडेल." मी लिहून टाकायचो. अनुसूचित जमातीच्या यादीला धर्माची अट नाही. ती अट अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात आहे. हे मला उशिरा समजलं, पण समजल्यावरही दोन-तीनदा मी तसंच लिहिलं, वाद नको म्हणून. घरी येशू आणि रजिस्टरात दुसरंच, असं ज्या लेकराचं पहिल्याच दिवशी होतं, त्याला पुढे कोणती मिशनची शाळा सावरणार?

तीमथ्याचं घर आठव. बाप हेल्लेणी म्हणजे ग्रीक, गावात कुठली ख्रिस्ती शाळा नाही. पौल त्याच्या विश्वासाबद्दल लिहितो तेव्हा दोनच नावं घेतो, आजी लोईस आणि आई युनीके. तुझ्या घरात तुझी सासू आहे, तू आहेस. आणि रागावू नकोस, पण परवा तुझ्याकडे आलो तेव्हा घरात मोबाईलवर भक्तिगीतं लागली होती, लेक कार्टून मागत होती आणि तू ड्युटीवरून आलेली, अंग टाकलेलं. थकवा मला कळतो. रात्रपाळी करणाऱ्या बाईला मी काय सांगावं? तरीही सांगतो. दहा मिनिटं. लेकीला मांडीवर घे, एक वचन वाच, ते मावचीत सांग, तिला तिच्या शब्दांत प्रार्थना करू दे. चर्चमधल्या रविवारच्या शब्बाथशाळेच्या बाईंवर ते ढकलू नकोस, माझ्यावर ढकलू नकोस, गावच्या मास्तरवर तर नाहीच नाही. नवरा सुरतेत असेल तर फोन लावून त्याला ऐकव. त्याने बापाचं काम तिथूनही करावं.

सोमवारी दाखल करायला जा. जन्मदाखला आणि आधारची झेरॉक्स घे. अर्ज तू स्वतः भर, मास्तरांना भरू देऊ नकोस, आणि धर्माच्या रकान्यात जे खरं आहे ते लिही. कोणी काही बोललं तर मला फोन कर, मी पहिल्या बसने येतो. दसऱ्याच्या आधी एकदा वर्गशिक्षकांना भेटून शांतपणे सांगून ठेव. बहुतेक मास्तर समजून घेतात, आधी सांगितलं तर.

धाकटी पुढच्या आठवड्यात येतेय, तिच्या पोराला घेऊन. तो पहिलीत आहे, जिल्हा परिषदेच्याच शाळेत. लेकीला घेऊन ये, दोघं अंगणात खेळतील. थोरल्याशी मी अजून त्या घंटेबद्दल धड बोललेलो नाही. या रविवारी त्याचा फोन आला की बोलेन म्हणतो.

सासूबाईंना सलाम सांग.

तुझा,
गुरुजी