रेल्वे जवळ येताना हॉर्नचा सूर चढत का जातो? ड्रायव्हर मुद्दाम करतो का?

नाही, ड्रायव्हर काहीच करत नाही. गाडीत बसलेल्यांना तोच हॉर्न पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच पट्टीत ऐकू येतो. फरक पडतो तो रुळाकडेला उभ्या असलेल्यांना. याला डॉप्लर परिणाम म्हणतात.

पण तुम्ही लिहिलंय तसा सूर 'चढत जात' नाही. वाढत जातो तो आवाजाचा मोठेपणा, आणि कान दोन्हीत गल्लत करतो. मी परभणीचा. आमच्याकडं पूर्णा लाइनवर एखाद्या फाटकाशी थांबून नीट ऐका. एक्सप्रेस एकसारख्या वेगानं हॉर्न देत आली, तर लांबून ऐकू येतो तेव्हाच सूर चढा असतो, बराच वेळ जवळपास तसाच राहतो आणि इंजिन समोरून निघताना घसरतो. वर जाताना तो तुम्हाला सापडायचाच नाही.

आता हे का, ते बघू. समजा हॉर्नची कंपनं सेकंदाला ४०० आणि गाडीचा वेग ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण २८ मीटर. एक लाट सुटल्यावर पुढची सुटेपर्यंत इंजिन ७ सेंटिमीटर पुढं सरकलेलं असतं. गाडी उभी असती तर दोन लाटांत साडेसत्त्याऐंशी सेंटिमीटर अंतर राहिलं असतं (ध्वनीचा वेग सेकंदाला ३५० मीटर धरलाय, आपल्या उन्हाळी हवेला तो बरोबर बसतो). आता राहतं साडेऐंशी. गाडी कितीही पळाली तरी हवेतून लाट आपल्याच वेगानं येते, त्यामुळं दाटीनं आलेल्या लाटा सेकंदाला ४०० ऐवजी ४३४ पोचतात. सेकंदाला लाटा जास्त, तेवढा सूर चढा. गाडी पुढं गेली की उलटं, अंतर साडेचौऱ्याण्णव आणि लाटा ३७०. भजनाला बसणाऱ्यांच्या भाषेत, सूर जवळजवळ कोमल गंधारावरून षड्जावर येतो.

हे एका झटक्यात न होता घसरत होतं, कारण आपण रुळावर नसतो, बाजूला असतो. हिशेबात येतो तो वेगाचा आपल्या दिशेनं असलेला भागच, आणि गाडी समोर येताना तो शून्याकडं जातो. त्यामुळं फाटकाशी सूर पटकन पडतो, दूरच्या शेतातून ऐकलं तर सावकाश. वाऱ्याचं म्हणाल तर हॉर्न आणि तुम्ही दोघंही जागेवर असाल, तर एकसारख्या वाऱ्यानं पट्टी बदलत नाही.

उदाहरण म्हणून सगळे अँब्युलन्स सांगतात. मला ते पटत नाही. तिचा सायरन मुळातच वरखाली होतो, नवीन माणसाला कळायचं काय? त्यापेक्षा गाणी लावून जाणारा उसाचा ट्रॅक्टर बरा. ताशी २० नं चालला तरी तुमच्यासमोरून जाताना गाणं तीनेक टक्क्यांनी उतरतं, आणि लयसुद्धा तेवढीच मंदावते.

ख्रिश्चन डॉप्लरनं हे १८४२ मध्ये प्रागला मांडलं, तेही जोडताऱ्यांच्या रंगांबद्दल. ताऱ्यांच्या रंगाचं त्याचं स्पष्टीकरण टिकलं नाही, पण आवाजाच्या बाबतीत तत्त्व खरं निघालं. १८४५ मध्ये बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञानं रेल्वेवर वाद्यं वाजवणारे बसवले आणि रुळाकडेला सुरांचे जाणकार उभे केले, कारण तेव्हा वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती कंपनं ते, मोजायला कानापेक्षा सोयीचं साधन नव्हतं.

तुमच्याकडं मोबाइल आहे. एका फोनवर १००० हर्ट्झचा (सेकंदाला १००० कंपनांचा) सूर लावून तो मित्राच्या मोटारसायकलवर बांधा आणि मोकळ्या रस्त्यावर त्याला ४० नं समोरून जायला सांगा. दुसऱ्या फोनवर वारंवारता दाखवणारं अॅप ठेवा. येताना १०३३ च्या आसपास आकडा दिसेल, जाताना ९६९. दोन्हींच्या वजाबाकीला बेरजेनं भागा, ३५० नं गुणा, की गाडीचा वेग मीटर प्रतिसेकंदात मिळतो. तो स्पीडोमीटरपेक्षा थोडा कमी निघाला तर गणित तपासत बसू नका, बहुतेक गाड्यांचे मीटर जरा जास्तच दाखवतात.